ओठांतली तार

१

बोलून सांगितलं असतं तर केव्हाच झालं असतं. ते जमत नाही म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर मी पेन धरलं ते सही करायला आणि मोटरीच्या अंगावर गिऱ्हाईकाचं नाव टाकायला. तेव्हा माझ्या वेलांट्या तपासू नका. काय झालं ते वाचा.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचा वाइंडिंगचा गाळा आहे. लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांच्या, जळालेल्या मोटरी येतात. जळकी तार कापून काढायची, नवी भरायची, वॉर्निशात बुडवायची, भाजायची, परत द्यायची. गाळा सासऱ्यांचा, हात माझा. आमचे मालक, भूपेश, अर्धं आयुष्य लूमवर राबले आणि त्या खटखटीनं त्यांचे कान खाल्ले. त्यांना हॉर्न ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं राहून बोंबललं तरी ते हसून मान हलवतात. माझं तेवढं ऐकू येतं. गिऱ्हाईक मला सांगतं, मी मालकांना सांगते, असा आमचा धंदा चालतो. संसारही तसाच.

माझा आवाज आहेच तसा. माझं माहेर खाडीवरचं. या काठावरून त्या काठाला जेवायला हाक मारायची आमची रीत. दोन्ही बाजूंना लूम चालू असताना मी गाळ्यातून हाक दिली की नाक्यावरची रिक्षा थांबायची. लोक म्हणायचे, सुवर्णाला माइक नको. मी ऐकून घ्यायचे, कारण खरंच होतं.

२

मृणाली माझ्या नणंदेची मुलगी. पूर्णा गावच्या एका गोदामात कामाला आहे. तिथं परदेशातून येणाऱ्या मालात कधी कधी जुन्या इलेक्ट्रिक गिटारी असतात. मान तडकलेल्या, पाणी लागलेल्या, आतली वायर उंदरांनी खाल्लेल्या. गोदामवाला त्या मोडीत काढतो, ही उचलून आणते. लाकूड जोडते, रंग खरवडते, उभ्या करून विकते. लग्नाचं विचारलं की गिटार पुसायला घेते.

तर एक दिवस ती एक जुनाट गिटार घेऊन आली. नाव खरवडून टाकलेलं, अंगावर बुजवलेली भोकं. गणेशपुरीचा भाविक म्हणून एक मुलगा आहे, भजनात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि डावखुरा आहे. त्याच्यासाठी ही उजव्या हाताची गिटार डाव्या हाताची करायची होती. म्हणजे तारा उलट्या क्रमानं लावायच्या, बटणं त्या बाजूची या बाजूला न्यायची, लाकडात नवे खड्डे पाडायचे. ते सगळं मृणालीचं काम. माझं काम पिकअपचं. तारांच्या खाली एक चपटी पेटी असते, तिच्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की आवाज तो पकडतो आणि अ‍ॅम्पला, म्हणजे स्पीकरच्या डब्याला, देतो.

"मोटरीसारखंच आहे मामी," ती म्हणाली. "फक्त छोटं."

मोटरीसारखं काहीच नव्हतं, ते नंतर कळलं. पण जुनी कॉइल बघून मला नवल वाटलं. दगडासारखी कडक. कुणीतरी तिला चक्क वॉर्निश पाजून भाजली होती. मृणाली म्हणाली, असं कुणी करत नाही, गिटारीच्या पिकअपला मेण लावतात. आणि म्हणाली की गोदामातून आणल्यावर तिनं ही गिटार अ‍ॅम्पला लावून बघितली, तर सूर धड निघेना, खाली नुसतं कुणीतरी पुटपुटत होतं. बाईमाणसासारखं. मी म्हटलं, अर्थिंग सैल असणार. पातं घेतलं आणि ती कॉइल मधोमध कापून काढली. तुकडे तांब्याच्या भंगाराच्या डब्यात टाकले.

पुटपुट अर्थातच बंद झाली. तारच नाही तर बोलणार कोण.

३

नवी तार भरताना मला रडवलं तिनं. मोटरीची तार ठोकली, ओढली, पिळली तरी ऐकते. ही बघितली तरी तुटायची. मशीनवर लावली, तुटली. चिमटीत धरली, घामानं चिकटून तुटली. कपड्यातून ओढली, तुटली. सकाळपासून एक बॉबिन, म्हणजे वेढे घ्यायचं रीळ, भरेना. मृणालीला म्हटलं, घेऊन जा तुझं खेळणं. मग म्हटलं, एक मिनिट थांब.

माझी आई जाळं विणायची तेव्हा दोरा ओठांत धरायची. दात लावायचे नाहीत, नुसते ओठ मिटायचे, दोरा आपोआप ताणावर राहतो. मी तशी तार ओठांत धरली आणि हँडल फिरवलं. लोण्यातून जावी तशी गेली. एकदाही तुटली नाही. सबंध बॉबिनची तार माझ्या ओठांतून गेली, आणि मी तोंड उघडलं नाही तरी गप्प कुठली बसते. वीज कंपनीला, टेम्पोवाल्याला, मृणालीच्या न होणाऱ्या लग्नाला, मालकांच्या कानांना, सगळ्यांना मिटल्या ओठांतून झापत होते. आई पण असंच करायची. विणताना भांडायची.

काम झाल्यावर जिभेवर तांब्याची चव राहिली. चहानं गेली नाही.

मृणालीनं पिकअप अ‍ॅम्पला जोडला आणि बोटानं टिचकी मारली. डब्यातून टक आलं. मग पंख्याची करकर आली. मग शेजारचा लूम. ती हसायला लागली, तर तिचं हसूही डब्यातून आलं. ती म्हणाली, वेढे जरा सैल राहिलेत, म्हणून हा माइकसारखा ऐकतोय, मेण लावलं की बहिरा होईल. मालक उगाच खाकरले. त्यांचं खाकरणं डब्यातून आलं. त्यांना ऐकू आलं नाही, पण डब्याचा पत्रा थरथरला तो बोटाला लागला, म्हणून खूश झाले.

मी पुढे होऊन म्हटलं, "हॅलो."

काही नाही.

तोंड अगदी पिकअपवर टेकवून, नाक्यावरची रिक्षा थांबवायचा आवाज काढला. काही नाही. टाळी वाजवली, ती आली. हातोडी आपटली, ती आली. खोकले, तो आला नाही. आणि मी ओरडत असताना बाकी सगळं येतच होतं. पंखा, लूम, मालकांची चप्पल. माझ्या आवाजाच्या जागी नुसती जागा होती.

डब्यातून माझाच आवाज येत नाही, हे मृणालीनं त्यांना खुणेनं सांगितलं. मालक म्हणाले, "एक तरी वस्तू निघाली जी तुझं ऐकत न्हाय गो."

दोघं हसले. मी हातोडी जागेवर ठेवली.

४

मी म्हटलं, माझा आवाज जाड आहे, मशीनला झेपत नसेल. मृणाली पण तसंच काहीतरी म्हणाली, इंग्रजीत.

मग भाविकचा फोन आला, गिटार कधी मिळेल म्हणून. मी सांगत होते, तो "हॅलो, मावशी, हॅलो" करत होता. मी रस्त्यावर गेले, नाक्यापर्यंत गेले, तिथून बोलले. "आवाज येत नाही मावशी." माझ्या मागून आलेल्या मृणालीनं तोच फोन घेतला आणि दोघांनी गप्पा मारल्या. येताना रिक्षाला हाक दिली, थांबली नाही. भाजीवाल्यानं माझ्या नंतर आलेल्याला आधी दिलं. मी त्याला काय बोलायचं ते बोलले, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या चाहिए, बोलो ना."

माझ्या वयाच्या बाईचं कुणी ऐकलं नाही तर त्यात नवीन काय. बँकेत ऐकत नाहीत, पालिकेत ऐकत नाहीत, एसटीत कंडक्टर ऐकत नाही. मी त्या सगळ्यांवर मात केली ती घशाच्या जोरावर. म्हणून मला कळेना, लोकांचा उद्धटपणा कुठं संपतो आणि हे दुसरं काहीतरी कुठं सुरू होतं.

डॉक्टरकडे गेले. त्यानं बॅटरी मारून घसा बघितला. स्वच्छ आहे म्हणाला. मग विचारलं, आवाज कधीपासून बसलाय. मी म्हटलं, बसलेला नाही. तो खुर्चीतून पुढे वाकला आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी तशीच उठून आले.

घरी मालकांना म्हटलं, भात टाकू का. ते म्हणाले, टाक. तेवढ्यावर मी झोपले. जगातल्या ज्या एका माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही, त्याला माझं ऐकू येत होतं. बाकीचे गेले खड्ड्यात.

५

मृणाली म्हणाली होती, मेण वितळवून त्यात पिकअप बुडवायचा, मी ड्युटीवरून आले की करू. ती गेली. तो पिकअप बाकड्यावर पडलेला. मला त्याच्याकडे बघवेना. माझ्याच हातानं भरलेला, माझ्या तोंडातून गेलेला, आणि साऱ्या गल्लीचं ऐकतो, माझं ऐकत नाही. बहिरा करायचाय ना, मग आत्ता करते.

आणि मेण कशाला. मेण देवघरात. आमच्या गाळ्यात कॉइल पक्की करायची तर वॉर्निश. लग्न करून आले तेव्हापासून एवढंच करत आलेय. पिकअप वॉर्निशात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरला. मग पत्र्याच्या पेटीत मोठे बल्ब लावून आम्ही मोटरी भाजतो, त्यात ठेवला. सांगायला नको, पण बुडबुडे येत होते तेव्हा मला श्वास लागत होता. वॉर्निशाचा वास असतोच. दार उघडलं.

मृणालीनं आल्यावर डोक्याला हात लावला. "मामी, मेण असतं तर उद्या परत उलगडता आलं असतं. हे आता दगड झालं."

"उलगडायचंय कुणाला?" मी म्हटलं.

"काय?"

मी परत म्हटलं.

"मोठ्यानं बोल ना मामी."

हे मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मी रागावलेय, तर तिनं पिकअप उचलला आणि गिटारीत बसवायला घेतला.

एक मात्र झालं. अ‍ॅम्पला लावल्यावर तो आता कुणाचंच ऐकत नव्हता. पंखा नाही, लूम नाही, खाकरणं नाही. मृणाली म्हणाली, काम चोख झालंय, हे मानावं लागेल.

६

गिटार डावी झाली. दिसायला छान दिसत होती, आरशातल्यासारखी. मृणाली डावखुरी नाही, पण उलटी धरून तिनं थोडं वाजवून बघितलं. मी बाकड्यावर बसून मिसरी लावत होते. तोंड भरलेलं, बोट दातावर. हे मी मुद्दाम सांगतेय. तोंडात मिसरी असताना मी काही बोलू शकत नाही, कुणीच बोलू शकत नाही.

ती वाजवत होती आणि सुरांच्या खाली काहीतरी येत होतं. मला वाटलं लूम. पण लूमला थांबणं नसतं, आणि हे मध्येच थांबत होतं, माणूस वाक्य संपल्यावर थांबतं तसं.

"हो मामी," मृणाली मान वर न करता म्हणाली आणि अंगठा मागे घेतला. "असा ना?"

मी तोंडातून बोट काढलं. तिनं वर बघितलं. माझ्या ओठांवर काळी मिसरी होती. तिनं एकदा अ‍ॅम्पकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अ‍ॅम्पचं बटण बंद केलं. म्हणाली, जरा घरी जाऊन येते. गिटार तिथंच ठेवून गेली.

संध्याकाळी मी मालकांना म्हटलं, जेवायला चला. ते पेपर वाचत होते. परत म्हटलं. मग खाडीची हाक मारली. छाती दुखली माझी. त्यांनी पान उलटलं. मी जाऊन खांद्याला हात लावला तर दचकले. म्हणाले, "अशी मांजरीसारखी काय येतेस? हाक मारायची ना."

मी ताट वाढलं. ते जेवताना दोनदा म्हणाले, आज तू गप्प का. दुसऱ्यांदा जरा काळजीनं म्हणाले.

मी मनाशी ठरवलं की गिटार भाविकच्या हातात जायच्या आधी ती कॉइल कापायची. पातं तेच होतं, ज्यानं जुनी कापली होती. सकाळी गाळ्यात गेले आणि भंगाराचा डबा बाकड्यावर उपडा केला. जुन्या कॉइलचे कडक तुकडे सापडले. एक उचलून कानाला लावला. का लावला सांगता येत नाही. काही नव्हतं. तांबं होतं.

मग माझा हात थांबला. तिलाही कुणीतरी असंच वॉर्निश पाजलं होतं. जी कुणी पुटपुटत होती तिला मी कापून मोकळी केली की संपवली, हे मला कोण सांगणार? माझं कापलं तर ते माझ्या घशात परत येईल, की या भंगाराच्या डब्यात जाईल? एकदा कापल्यावर दुसऱ्यांदा विचारता येत नाही. मी पातं कनवटीला लावलं आणि डोकं ठिकाणावर यावं म्हणून मालकांचा जेवणाचा डबा आणायला घरी गेले. वाटेत एक टेम्पो अंगावर आला. मी ओरडले. त्यानं ब्रेक मारला तो मला बघून, ऐकून नाही.

७

दुपारी परत आले तेव्हा गल्लीत ऊन पांढरं झालं होतं. दोन्ही बाजूंचे लूम चालू. त्यांच्या हादऱ्यानं आमच्या गाळ्यातल्या पाण्याच्या ग्लासातसुद्धा वर्तुळं उठतात, तारा तर हलणारच. गिटार अ‍ॅम्पला टेकवून उभी होती. अ‍ॅम्पचा लाल दिवा लागलेला. मी लावला नव्हता. मालकांनी लावला असेल, त्यांना पत्रा थरथरलेला बोटाला बरा वाटतो.

मालक दाराकडे पाठ करून मोटर भरत होते.

"अहो, ती तार ओली हाय. आधी पुसा," मी म्हटलं.

मी दारात होते. माझं तोंड बंद होतं. आवाज गाळ्याच्या आतून आला.

"पुसतो गो," मालक म्हणाले.

"आणि चष्मा लावा. अंदाजानं काय भरताय?"

"लावतो."

त्यांनी चष्मा लावला. मग ते कशालातरी हसले. ते काय होतं ते मला लूमच्या गोंगाटात नीट ऐकू आलं नाही, पण सूर ओळखीचा होता. तो मी घरातसुद्धा फार वापरत नाही. मान न वळवता, हातातलं काम न सोडता ते उत्तर देत होते, जसं इतकी वर्षं दिलं. त्यांना बरं वाटत होतं. त्यांच्या पाठीवरून कळत होतं. आदल्या रात्रीची काळजी तिथं नव्हती.

मी जेवणाचा डबा खाली ठेवला. कनवटीचं पातं काढलं. बाकड्यापर्यंत जायला किती लागतं, चार पावलं. एक टाकलं.

अ‍ॅम्पमधला आवाज थांबला. लूम चालू, पंखा चालू, आणि मध्ये ती जागा. नुसती जागा.

मग माझा आवाज म्हणाला, "अहो, दारात कोण बाई उभी हाय बघा. काय पाहिजे विचारा तिला."

मालक वळले. माझ्या मागून ऊन येत होतं, त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मी पातं पदराआड केलं. त्यांनी मला बघितलं. पायांपासून वरपर्यंत बघितलं, हातात मोटर आहे का ते शोधलं, आणि गिऱ्हाईकाला हसतात तसे हसले.

"या ताई," ते म्हणाले. "बोला, काय काम हाय?"

जिभेवर तांब्याची चव आली. मी तोंड उघडलं.